एअरबॅगचा दिवा जात नाही आणि पासिंग तोंडावर आलंय – मदत हवी आहे

उपवनकाठ
गाडी २०११ ची आहे. मीटरमधला एअरबॅगचा लाल दिवा लागून राहतो. मध्येच जातो, परत येतो. एक गॅरेजवाला म्हणतो मॉड्यूल (एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स) गेलं, १८ हजार. दुसरा म्हणतो दिव्याची वायरच कापतो, कटकट मिटली. पुढच्या महिन्यात पासिंग आहे, त्यामुळे घाई आहे. बॅटरी नवीन आहे. नेमकं काय बघायचं ते सांगा. 'गाडी विका' हा सल्ला नको.

दहाचा_पाना
ताई, गाडी कोणती? एअरबॅग किती, फक्त पुढे दोन की सीटमध्येही? चावी ऑन केल्यावर दिवा पाच-सहा सेकंद लागून विझतो आणि मग चालवताना येतो, की पहिल्यापासून विझतच नाही? स्कॅन केलंय का? केलं असेल तर कोड (गाडीने नोंदलेला बिघाडाचा नंबर) जसाच्या तसा लिहा. कोड न वाचता मॉड्यूल गेलं हे त्या गॅरेजवाल्याला स्वप्नात दिसलं का?

ऐरोली_पूल
सोप्पं आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, अर्ध्या तासाने लावा. सगळं रिसेट.

दहाचा_पाना
@ऐरोली_पूल, इंजिनचे काही कोड तसे जातात, एअरबॅगचे जात नाहीत. ते बॅटरी काढली तरी पुसलं न जाणाऱ्या मेमरीत असतात. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग तेवढी जाईल.

उपवनकाठ
कंपनीचं नाव मुद्दाम टाकलं नाही, नाहीतर जपानी विरुद्ध कोरियन विरुद्ध देशी असा सामना सुरू होतो. पेट्रोल हॅचबॅक, टॉप मॉडेल, पुढे दोन एअरबॅग. चावी ऑन केली की दिवा लागून विझतो, चालवताना परत येतो. ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल (कोड वाचणारं छोटं यंत्र) लावलं, एकही कोड नाही. म्हणजे बिघाड नाही आणि दिवाच खराब, असंच ना?

बारा_व्होल्ट
नाही. स्वस्त डोंगल आणि त्याचं फुकट ॲप इंजिनचे पी-कोड वाचतं. एअरबॅगचे बी-कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतात आणि तिथे ते बहुधा पोचतच नाही. 'नो फॉल्ट'चा अर्थ इथे 'विचारलंच नाही' असा घ्या. गॅरेजमध्ये जाताना एकच प्रश्न विचारा: तुमचा स्कॅनर या गाडीचं एसआरएस (एअरबॅगची यंत्रणा) उघडतो का? उघडत असेल तरच पैसे द्या. पडद्याचा फोटो घ्या, आणि कोड 'करंट' (आत्ता चालू) आहे की 'हिस्टरी' (आधी येऊन गेलेला) तेही बघा. पुसायला देऊ नका, आधी वाचायचं.

दिवा का लागतो ते थोडक्यात. प्रत्येक एअरबॅगच्या आत ठिणगी पाडणारी बारीक तार असते, तिचा रोध साधारण २ ते ३ ओहम. मॉड्यूल अगदी सूक्ष्म करंट सोडून तो सतत मोजत असतं. वायर, कप्लर (तारा जोडणारा प्लग), स्टेअरिंगमागची फिरती केबल, यात कुठेही एखाददुसरा ओहम वाढला की दिवा. म्हणून अशा जुन्या गाडीत एअरबॅग आणि मॉड्यूल दोन्ही ठणठणीत असतात आणि मधला सांधा सैल निघतो. मॉड्यूल शेवटचा संशयित. त्यात पाणी गेलं असेल किंवा अपघातात एअरबॅग उघडून क्रॅश डेटा नोंदला असेल, तर गोष्ट वेगळी.

नेरुळ_पश्चिम
नवीन सीटकव्हर टाकलीत का? ९९ टक्के हेच. सीट पुढेमागे केली की खालचा पिवळा कप्लर ओढला जातो. दाबून बसवा, केबल टायने थोडी ढील ठेवून बांधा, संपला विषय. खाडीची हवा लागलेल्या गाड्यांत पिनांवर गंजही असतो. डब्ल्यूडी-४० मारा.

दहाचा_पाना
दोन एअरबॅगच्या गाडीत सीटखाली बहुतेकदा बकलच्या स्विचची वायर असते. बेल्ट खेचणारा प्रीटेन्शनर बऱ्याचदा बी-पिलरच्या (पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या) तळाशी बेल्टच्या रिळात असतो. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर तुमचं म्हणणं पहिल्या नंबरवर, इथे नाही. आणि डब्ल्यूडी-४० नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो. उडून जाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या. तेही बॅटरी सोडून.

नेरुळ_पश्चिम
रिळात असतो हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. बकलच्या बाजूला प्रीटेन्शनर असलेल्या गाड्याही आहेत.

दहाचा_पाना
आहेत. म्हणूनच 'बहुतेकदा' लिहिलंय. कोड येऊ द्या, मग भांडू.

चावीवाला_भाऊ
कशाला एवढा खटाटोप? २.२ ओहमचा रेझिस्टर लावा कप्लरमध्ये. दिवा बंद, पासिंग ओके.

बारा_व्होल्ट
दिवा बंद आणि एअरबॅगही बंद! मॉड्यूलला वाटेल सगळं आलबेल आहे आणि धडक झाली की ते रेझिस्टर पेटवेल. तो रेझिस्टर मेकॅनिक वापरतात, पण तपासापुरता: एअरबॅग काढून तिच्या जागी लावला आणि कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये, नाही गेला तर केबल किंवा वायरिंगमध्ये. काम झालं की काढून ठेवायचा. दिव्याची वायर कापणारा तो दुसरा गॅरेजवाला याच जातीतला. जुनी गाडी घेताना म्हणून तर चावी ऑन करून हा दिवा *लागतो का* ते आधी बघतात.

ठाणे_ईस्ट_काका
पासिंगबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. खाजगी गाडीला १५ वर्षं होत आली की फॉर्म २५ भरायचा, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत. २०२२ पासून मोटारीचं नूतनीकरण शुल्क ५,००० झालंय, पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू हवं. एमएच-०४ असेल तर ठाण्याला, एमएच-४३ असेल तर वाशीला.

उपवनकाठ
काका, ते सगळं माहीत आहे, कागद तयार आहेत. दिव्याचं सांगा.

पारसिक_बोगदा
ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं बघितलं का? त्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये (फुगवणाऱ्या भागात) अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडतं आणि फुटताना धातूचे तुकडे उडतात. आपल्याकडची हवा नेमकी तशीच. दिवा त्याचाच असणार.

बारा_व्होल्ट
ताकाताची माहिती बरोबर, निष्कर्ष चूक. त्या दोषाचा दिवा लागतच नाही. मॉड्यूल तारेचा रोध मोजतं, आतलं स्फोटक कसं आहे ते त्याला कळत नाही. पण त्या काळातली गाडी आहे, तेव्हा कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का ते बघाच. बाकी असेल तर इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो. मात्र हा वेगळा विषय झाला.

उपवनकाठ
तुर्भ्याला स्कॅन करून आणलं. 'ड्रायव्हर एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स हाय', हिस्टरी. मॉड्यूलचा एकही कोड नाही. डावीकडे वळताना कधीकधी हॉर्न वाजत नाही, पण ते जुनंच आहे, त्याचा याच्याशी संबंध नसावा.

दहाचा_पाना
अहो ताई, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! हॉर्न आणि एअरबॅग दोन्हींच्या तारा एकाच स्पायरल केबलमधून जातात. काही लोक तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टेअरिंगमागच्या प्लास्टिकच्या डबीत चपटी फीत गुंडाळलेली असते, स्टेअरिंग फिरेल तशी ती सैल-घट्ट होते. वर्षानुवर्षं वाकून फितीतला तांब्याचा पट्टा तडकतो, आणि ठरावीक कोनात संपर्क तुटतो. १८ हजारांचं मॉड्यूल विसरा.

नेरुळ_पश्चिम
बरं, इथे स्पायरल केबल. मान्य. पण बदलण्याआधी मीटरने मोजून खात्री करा.

ऐरोली_पूल
मोजायला काय, मल्टीमीटर एअरबॅगच्या दोन पिनांना लावायचा की झालं.

बारा_व्होल्ट
अजिबात नाही. उपवनकाठ, हे नीट वाचा. एअरबॅगच्या पिनांना मल्टीमीटर कधीच लावायचा नाही. मीटर स्वतः करंट सोडतो, आणि आत स्फोटक आहे. मोजायची ती फक्त केबल, दोन्ही टोकं सोडवून.

चावी काढा, निगेटिव्ह टर्मिनल सोडा, त्यावर फडकं गुंडाळा आणि किमान तीन मिनिटं थांबा. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी नसली तरी तो एअरबॅग उडवू शकतो. काही मॅन्युअलमध्ये ९० सेकंद दिलेत, तीन मिनिटांनी कुणाचं नुकसान होत नाही. स्टेअरिंगच्या मागून किंवा बाजूंनी दोन बोल्ट असतात, बऱ्याच गाड्यांत टी-३० टॉर्क्स (ताऱ्यासारख्या खाचेचे), काहींत स्प्रिंगच्या क्लिपा. एअरबॅग पुढे ओढून पिवळ्या कप्लरचं लॉक आधी वर करा, मग कप्लर काढा. तारा ओढू नका. एअरबॅग कव्हर वर करून टेबलावर ठेवा. पालथी ठेवली आणि उडाली तर ती स्वतःच हवेत जाईल.

मग केबलची खालची बाजूही सोडवून एकेक तार टोकापासून टोकापर्यंत मोजा. एक ओहमच्या आत यायला हवी. मोजताना डबी हाताने हळूहळू दोन्हीकडे फिरवा, पण जोर न लावता. आकडा उडाला की चोर सापडला. एक गोची: पिवळ्या कप्लरमध्ये शॉर्टिंग पट्टी असते, कप्लर सुटला की ती दोन्ही तारा आपोआप जोडते. त्यामुळे चांगली केबलही 'शॉर्ट' दिसते. प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ती उचला, मग मोजा.

चावीवाला_भाऊ
कुर्ल्याला जुनी केबल स्वस्तात मिळेल.

दहाचा_पाना
जुनी केबल म्हणजे दुसऱ्याने वाकवून संपवलेली फीत. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि नवीनच घ्या. पिनांची संख्या जुळवा, स्टेअरिंगवर ऑडिओची बटणं असतील तर पिना जास्त असतात. नवीन केबल मधोमध लॉक करून येते. ते लॉक बसवून होईपर्यंत काढू नका. निघालंच तर: उजवीकडे हलकेच अडेपर्यंत फिरवा, मग उलटं साधारण अडीच फेरे, खुणा जुळेपर्यंत. फेऱ्यांचा आकडा गाडीगणिक बदलतो, डबीवर लिहिलेला असतो. मध्य चुकला तर पहिल्या पूर्ण वळणाला फीत तटकन तुटते आणि पैसे पाण्यात.

स्टेअरिंग काढण्याआधी चाकं सरळ करा, शाफ्ट आणि स्टेअरिंगवर रंगाची खूण करा. मधला नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ठेवून स्टेअरिंग हलवा, नाहीतर झटक्यात तोंडावर येतं. सगळं लावल्यावर गाडीत कुणी बसलेलं नको. बॅटरी जोडा, बाजूला उभं राहून चावी ऑन करा. मग स्कॅनरने हिस्टरी पुसा.

पारसिक_बोगदा
अवांतर: हल्ली नव्या गाड्यांत सहा एअरबॅग येतात. जुन्या गाडीवर एवढा खर्च…

ठाणे_ईस्ट_काका
धागाकर्तीने पहिल्याच पोस्टीत 'विका' म्हणू नका असं लिहिलंय. दोन एअरबॅगची सक्तीही २०२१ मध्ये आली, त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत एकही नाही.

उपवनकाठ
बदलून घेतली. मोजताना डावीकडे आकडा उडाला, तीच होती. हॉर्न वाजतो, दिवा सहा सेकंदांनी विझतो. पण आता सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडं उजवीकडे कललेलं राहतं. गॅरेजवाला म्हणतो अलाइनमेंट करून घ्या.

दहाचा_पाना
आधी सरळ होतं ना? मग अलाइनमेंटचा संबंध नाही, स्टेअरिंग शाफ्टवर एक दात सरकवून बसवलंय. अलाइनमेंटवाला टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) फिरवून वरवर सरळ करून देईल आणि डावीकडचं-उजवीकडचं वळण कमीजास्त होईल. त्याच गॅरेजला परत जा आणि पूर्वीची खूण जुळवायला सांगा. खूण केली नसेल तर चाकं सरळ करून एक दात मागे. बॅटरी सोडून तीन मिनिटं थांबणं याही वेळी लागेल, आणि स्टेअरिंग बाहेर असताना डबी फिरू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावायला सांगा. मधला नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळायचा, अंदाजाने नाही.