कोल्हापुरातला सोसायटी ग्रुप: रविवारच्या मटणाचा हिशेब

बी-३०२: काल रात्री चौघं जेवायला गेलतो. चार मटण थाळ्या, ४२० प्रमाणे १६८०. वर ५ टक्के जीएसटी ८४. झाले १७६४. एवढ्यात घरी दोन रविवार निघतात का नाही सांगा.

ए-१०१ काकू: निघतात की. आजचंच घे. पाऊण किलो मटण ६००, नारळ ४०, खसखस-काजू-तीळ ९०, कांदा-आलं-लसूण-कोथिंबीर-तेल ७०, भात-भाकरी-गॅस ८०. सगळे मिळून ८८०.

सी-४०४: काकू, चटणी कुठाय ह्यात?

ए-१०१ काकू: ती उन्हाळ्यातली. डंकावर कुटून आणलेली, वर्षाची.

सी-४०४: म्हणजे फुकट होय? मिरच्या, सुकं खोबरं, मसाले, कुटायची मजुरी?

ए-१०१ काकू: धर ३० रुपये. ९१०. आता गप.

सी-४०४: ९१० दुणे १८२०. दोन रविवार बसत न्हाईत 😄

ए-१०१ काकू: रात्रीचं जेवण पण त्याच रश्श्यावर होतंय, ते कोण धरणार? तुझ्या थाळीतलं रात्रीला काय उरलं?

बी-२०३ वहिनी: कष्टाचं मी सांगतो. सकाळी मटण आणलं की ह्यांचं काम संपलं. मग तांबड्या रश्श्याचं वाटण वेगळं, पांढऱ्याचं वेगळं. अळणी म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी शिजवा, नारळाचं दूध काढा, ते घातल्यावर खळखळ उकळू द्यायचं नाही, रस्सा फुटतो. भाकरी सगळ्यांना गरमच पाहिजे, म्हणून सगळे जेवून उठेस्तोवर मी तव्यापुढं. वर भांडी हायतच. माझी मजुरी शून्य धरली म्हणून घरचं स्वस्त दिसायलंय. मला १७६४ च स्वस्त.

बी-२०३ दादा: पुढचा रविवार बाहेर. ठरलं.

बी-३०२: आणि हाटेलात रस्सा पाहिजे तेवढा! मी काल पांढऱ्याच्या किती वाट्या मारल्या मोजल्या न्हाईत.

डी-१०२ सर: रस्सा हवा तेवढा वाढायला त्यांना परवडतं. अळणीचं पाणी आणि वाटण, दुसरं काय? सुक्क्याचे तुकडे मात्र मोजून येतात. ज्याला रस्सा प्यायचाय त्यानं बाहेर जावं, ज्याला मटण खायचंय त्यानं घरी बसावं. २०१९ ला मटणाच्या दरावरून ह्या गावानं आंदोलन केलं. थाळीच्या दराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सी-४०४: ॲपवरनं मागवलं तर?

बी-३०२: त्याचं नावच काढू नका. कार्डावरच्यापेक्षा दर जास्ती, वर पॅकिंग, वर डिलिव्हरी. पांढरा पिशवीला गाठ मारून येतोय, तोपर्यंत गार. गरम करायला गेलं की वहिनी म्हणतात तसा फुटतोय.

ए-१०१ काकू: मिसळ मात्र मी घरी करत नाही हं. आम्ही दोघंच असलो की मटकीला मोड आणा, कटाचं वाटण भाजा, फरसाण-ब्रेड आणा, कोण करत बसतंय? कोपऱ्यावर जाऊन खाल्लेली बरी. कट मागितला की परत वाढतात.

बी-२०३ वहिनी: आणि जेवण झाल्यावर गंगावेशीत म्हशीचं दूध. समोर धार काढलेलं.

सी-४०४: ते घरी करायचं म्हटलं तर पार्किंगात म्हैस बांधायला लागंल.

सेक्रेटरी: म्हशीला परवानगी मिळणार नाही. आधी बी विंगनं आपल्या गाड्या लाईनीत लावाव्यात.