सहाला घरी निघणारी वकील ‘सीरियस’ नाही म्हणे!

रामबागवाली: काल आपल्या या वकिलांच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी लिहिलं, ‘मुली संध्याकाळी ऑफिसला थांबत नाहीत, म्हणून इंदूरच्या वकिलीत टिकत नाहीत.’ डोकंच फिरलं. दिवसभर कोर्ट, सहाला सिनियरचं ऑफिस. साहेब पक्षकारांशी गप्पा मारणार, दोनदा चहा घेणार आणि नऊला आठवण होणार, ‘उद्याच्या पेशीचं (सुनावणीचं) उत्तर टाईप करून जा.’ त्यांचं ताट घरी वाढून तयार. मी घरी जाऊन कुकर लावायचा. बाळंतपणात माझ्या फाईली दुसऱ्या ज्युनिअरकडे गेल्या, त्या गेल्याच. २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती नोकरदारणींना. आम्ही स्वतंत्र व्यावसायिक ना!

जुना काळा कोट: ते मीच लिहिलं. पक्षकार दिवसभर दुकानात असतो, तो संध्याकाळीच येणार. शिवाय १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहिता. जुन्या गुन्ह्यांना जुनी कलमं, नव्यांना नवी. हे घरी बसून येतं का?

सुदामानगर: खरा मुद्दा पैशाचा. वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, बार कौन्सिलने, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं, ज्युनिअरला शहरात महिना २०,०००, खेड्यात १५,००० द्या. नुसतं सुचवलं! मला पहिल्या वर्षी पेट्रोलचेही सुटले नाहीत.

जुना काळा कोट: वीस हजार? मी बँक उघडलीय का? शिकवतो, त्याची फी घेतो का मी?

सुदामानगर: शिकवता? तारीख घ्यायला पाठवता. ते तुमचा मुन्शीही करतो, आणि त्याला पगार आहे.

जुना काळा कोट: जीभ सांभाळा. आम्ही फुकट राबलो, म्हणून उभे राहिलो.

सुदामानगर: वडिलांच्या घरात राहून. भाड्याच्या खोलीत राबून दाखवा.

कोर्टातली मावशी: अहो, भांडण पैशावर कुठे नेलंत? मी बाई असूनही कोटसाहेबांच्या बाजूची. पक्षकाराला चेहरा दिसला नाही, तर वकालतनामा दुसऱ्याच्या नावे होतो.

रामबागवाली: मावशी, तुमची पोरं तुमच्या आईने सांभाळली, हे तुम्हीच दिवाळी मीलनात सांगितलंत.

कोर्टातली मावशी: सांगितलं. तीही बाईच होती, हे मान्य. पण घरचं काढायची गरज नव्हती.

जुना काळा कोट: बरं बाई, सातनंतर मुलींना थांबवत नाही. मग मोठी केस मिळाली नाही म्हणून रडू नका.

रामबागवाली: केवढे उपकार! मुलग्यांनाही सातला सोडा की, म्हणजे मोठी केसही दिवसाउजेडी वाटली जाईल.

जुना काळा कोट: माझा मुलगा माझ्याच ऑफिसात आहे, तो पाचलाच पळतो.

सुदामानगर: आणि त्याला महिना किती देता?