स्वस्त ड्युप्लेक्सर बसवल्यावर रिपीटर बहिरा होतो : ट्यूनिंग नेमके कसे करावे?

फडकरी (दक्षिण सोलापूर)

सर्वांना नमस्कार. आमच्या साखर कारखान्याच्या ऊसवाहतूक विभागाकडे परवान्याची यूएचएफ वारंवारतांची जोडी आहे. परवान्यातले नेमके आकडे येथे देत नाही, पण सोयीसाठी रिसीव्ह 451 आणि ट्रान्समिट 456 मेगाहर्ट्झ, म्हणजे 5 मेगाहर्ट्झचे अंतर आहे असे धरावे. दोन मोबाइल रेडिओ जोडून 25 वॅटचा रिपीटर (एका वारंवारतेवर ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोराने पुन्हा सोडणारा संच) तयार केला आहे आणि तो एकाच अँटेनावर चालावा म्हणून सहा कॅव्हिटींचा (स्क्रूने जुळवायच्या धातूच्या पोकळ्यांचा) स्वस्त चिनी ड्युप्लेक्सर, म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती रिसीव्हरमध्ये जाऊ न देणारा फिल्टर, ऑनलाइन मागवला आहे. अँटेना कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर आहे. आजूबाजूला सपाट माळरान असल्यामुळे उंचीची अडचण नाही.

ट्रान्समीटर बंद ठेवून नुसते ऐकले, तर भीमाकाठच्या फडांतून मुकादमांचे वॉकी-टॉकी स्वच्छ येतात. रिपीटर सुरू केला की जवळचे संच चालतात, मात्र लांबच्या संचाने बटण दाबले की ट्रान्समीटर सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि लोहाराच्या भात्यासारखी ही धाप तो संच बोलत असेपर्यंत चालू राहते. हंगामात काट्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली असताना हे परवडणारे नाही.

नॅनो-व्हीएनएवर (कोणत्या वारंवारतेला सिग्नल किती अडतो याचा आलेख दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) 400 ते 500 मेगाहर्ट्झची पट्टी लावून सहाही स्क्रू फिरवून पाहिले. दोन्ही बाजूंना खड्डा दिसतो, पण तो 50 डेसिबलच्या आसपास सपाट होतो आणि स्क्रू कितीही फिरवला तरी त्याहून खाली जात नाही. विक्रेत्याने 75 डेसिबल सांगितले होते. माल खोटा आहे, की माझी पद्धत चुकते आहे?

माळरान (मोहोळ)

माल खोटा आहे असे आपल्या वर्णनावरून तरी वाटत नाही. आपण मोजपट्टीच्या टोकाला पोहोचला आहात. मूळ प्रकारचा नॅनो-व्हीएनए 300 मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिकच्या, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटींच्या, आधाराने मोजतो आणि तेथे त्याची पोहोच सुमारे 50 डेसिबलच असते. त्यापेक्षा खोल खड्डा त्याच्या स्वतःच्या खरखरीत बुडतो, म्हणून आपल्याला तळ सपाट दिसला. त्यातच 400 ते 500 ही पट्टी तो 101 बिंदूंत मोजतो, म्हणजे दोन बिंदूंमध्ये तब्बल 1 मेगाहर्ट्झचे अंतर राहते. या कॅव्हिटींचा नॉच, म्हणजे आलेखातला हा खड्डा, इतका अरुंद असतो की त्याचा तळ दोन बिंदूंच्या मधोमध पडला तर दिसणारच नाही.

सुरुवात जोडणीपासून करावी. हा नॉच पद्धतीचा ड्युप्लेक्सर आहे. ‘हाय’ लिहिलेले तोंड वरची वारंवारता जाऊ देते आणि खालची अडवते, ‘लो’चे याच्या उलट. आपला ट्रान्समीटर वरच्या वारंवारतेवर असल्याने तो ‘हाय’ला आणि रिसीव्हर ‘लो’ला हवा. ‘लो’कडच्या तीन कॅव्हिटी 456 अडवतील, म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती रिसीव्हरमध्ये घुसणार नाही. ‘हाय’कडच्या तीन कॅव्हिटी 451 अडवतील, म्हणजे ट्रान्समीटरमधून निघणारा आणि नेमका आपल्या रिसीव्हरच्या वारंवारतेवर पडणारा गोंगाट थोपेल. बरेच जण पहिली बाजू मन लावून लावतात आणि दुसरी तशीच सोडतात, पण हा गोंगाट रिसीव्हरच्या फिल्टरला कधीच अडवता येत नाही, कारण तो हव्या असलेल्या सिग्नलच्याच जागी असतो.

आता ‘लो’ बाजू घ्या. मध्य 456 आणि रुंदी 4 मेगाहर्ट्झ ठेवा, म्हणजे बिंदूंमधले अंतर 40 किलोहर्ट्झवर येईल. रुंदी बदलल्यावर कॅलिब्रेशन नव्याने करावे. यंत्राची दोन तोंडे ‘लो’ आणि ‘अँटेना’ला जोडावीत आणि ‘हाय’वर 50 ओहमचा लोड (शक्ती शोषून घेणारा रोध) अवश्य लावावा, कारण ते तोंड उघडे राहिले तर समोरचा आलेख खोटा असतो. मग तीनपैकी दोन स्क्रू फेरे मोजून बाजूला न्यावेत. स्क्रू आत गेला की नॉच साधारणपणे खाली सरकतो. एकट्या कॅव्हिटीचा नॉच 25 डेसिबलच्या आसपास असतो, त्यामुळे तो या यंत्रावर स्पष्ट दिसतो. तो 456 वर बसवावा, मग दुसरा जवळ आणावा, मग तिसरा. तिसरा येईपर्यंत तळ यंत्राच्या आवाक्याबाहेर जाईल. तेथे यंत्र बाजूला ठेवून कानाने काम करावे लागते.

त्यासाठी सिग्नल जनरेटर (हव्या त्या वारंवारतेचा, हवा तितकाच सिग्नल देणारे यंत्र) हवा. एखाद्या वायरलेस दुरुस्तीच्या दुकानातून तो एका दिवसासाठी मिळाला तरी पुरेसे आहे. अँटेनाच्या तोंडाला 456 वर 0 डीबीएम (म्हणजे 1 मिलिवॅट) द्यावे आणि ‘लो’ तोंडाला, मध्ये पायरीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक डेसिबलने कमी करणारे साधन) घालून, 456 वर लावलेला कोणताही रिसीव्हर जोडावा. 75 डेसिबल अडवले गेले तर उणे 75 डीबीएम उरतात. अटेन्युएटरने आणखी 40 डेसिबल कमी केले की सिग्नल खरखरीच्या काठावर येतो. आता तिन्ही स्क्रू अगदी थोडेथोडे फिरवायचे आणि खरखर वाढेल ती दिशा बरोबर समजायची. नेहमीच्या सवयीच्या उलट असल्याने पहिल्यांदा हात दचकतो. ट्यूनिंग चालू असताना ट्रान्समीटर मात्र कधीही जोडू नये. बिघडलेल्या जुळणीवर 25 वॅट सोडले तर त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

जुना मेकॅनिक (बार्शी)

मोहोळच्या स्नेह्यांशी मी सहमत आहे, पण स्क्रूला हात लावण्याआधी दोष ड्युप्लेक्सरचाच आहे का, हे मी तपासले असते. रिसीव्हरची केबल ड्युप्लेक्सरवरून काढून ती थेट जनरेटरला जोडावी आणि 451 वर जेमतेम ऐकू येईल इतका सिग्नल द्यावा. ड्युप्लेक्सरच्या मोकळ्या झालेल्या तोंडाला लोड लावावा, अँटेनाच्या जागी डमी लोड लावावा आणि ट्रान्समीटर सुरू करावा. आता ट्रान्समीटर आणि रिसीव्हर या दोघांमध्ये केबलचा रस्ताच उरलेला नाही. तरीही सिग्नल बुडाला, तर शक्ती हवेतून, डब्याच्या फटींतून किंवा दोघांच्या सामायिक वीजतारांमधून घुसते आहे. मग सहा स्क्रू जन्मभर फिरवले तरी गुण येणार नाही. दोन मोबाइल संच एकमेकांवर रचून ठेवले असतील तर माझा पहिला संशय तेथेच आहे.

आरजी-58 केबलची जाळी विरळ असते. ती टाकीपर्यंतच्या ओढीत चालेल की नाही हा वेगळा वाद आहे, पण डब्यातल्या फूटभर जोडतारांना ती नकोच. तेथे दुहेरी जाळीची आरजी-223 किंवा आरजी-142 वापरावी.

आणखी एक विनंती अशी की 25 वॅट 10 वर आणावेत. 4 डेसिबलची सवलत फुकट मिळते. फडातला मुकादम 4–5 वॅटचा संच घेऊन उभा असतो आणि त्याचा आवाज टाकीपर्यंत पोहोचणे हीच खरी मर्यादा असते. टाकीवरून मोठ्याने ओरडून लांबचे ऐकू येऊ लागत नाही.

फडकरी (दक्षिण सोलापूर)

उशिरा कळवत आहे, क्षमस्व. रविवारी गाळप बंद असल्याने पूर्ण दिवस मिळाला.

बार्शीच्या काकांची चाचणी आधी केली. संशय निम्मा खरा निघाला. केबल तोडूनही सिग्नल थोडा बुडतच होता. दोन्ही संच वेगळ्या पत्र्याच्या डब्यांत टाकले, त्यांच्या वीजतारांवर फेराइट (तारेवरून येणारी रेडिओ शक्ती अडवणारी कडी) चढवले आणि ते बुडणे थांबले. त्यानंतर ड्युप्लेक्सर उघडला. रुंदी 4 मेगाहर्ट्झवर आणताच दिसले की ‘लो’कडचे दोन नॉच 456 जवळ होते आणि तिसरा जवळपास 400 किलोहर्ट्झ खाली पडला होता. मोठ्या पट्टीवर हे सगळे एकाच सपाट तळासारखे दिसत होते. ‘हाय’कडे तर मी स्वतःच्या हाताने तिन्ही इकडेतिकडे करून ठेवले होते.

जनरेटरने जुळवल्यावर थेट जोडणी आणि ड्युप्लेक्सरमधून जोडणी यांची अटेन्युएटरवर तुलना केली, तेव्हा ‘लो’ बाजूला 76 आणि ‘हाय’ बाजूला 74 डेसिबल मिळाले. ट्रान्समिटच्या वाटेवरची घट 1.3 डेसिबल आहे, म्हणजे 25 वॅटपैकी साडेअठरा अँटेनाकडे जातात. एक गोष्ट मात्र छळते. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि नॉच सरकतो. शेवटच्या कॅव्हिटीवर मी चार वेळा हे भोगले. डमी लोडवर भात्याची धाप पूर्ण गेली आहे, पण अँटेना जोडली की लांबच्या संचांना अजून किंचित खरखर लागते.

जुना मेकॅनिक (बार्शी)

लॉकनटसाठी स्क्रू पेचकसाने घट्ट धरून ठेवावा आणि पाना दुसऱ्या हाताने फिरवावा. नॉच जितका सरकतो, तितका तो आधीच उलट दिशेला ठेवून आवळावा. दोन प्रयत्नांत अंदाज येतो.

डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर खराब, म्हणजे दोष आता वर टाकीवर आहे. अँटेनाची जुळणी तपासावी आणि मग गंजलेले क्लॅम्प, शिडीचे सैल बोल्ट पाहावेत. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि ट्रान्समीटर चालू असतानाच गोंगाट निर्माण करतो. पत्र्याच्या खोलीत ड्युप्लेक्सर ठेवला असेल तर सोलापूरचा मे महिनाही ध्यानात घ्यावा, कारण जानेवारीत जुळवलेला नॉच चाळिशीपलीकडच्या उन्हात हलतो.

फडकरी (दक्षिण सोलापूर)

क्लॅम्पच होता. फिटरला वर पाठवले, तर यू-बोल्ट हाताने फिरत होता. तो बदलला, सांध्यावर रबरी पट्टी गुंडाळली आणि शक्ती 10 वॅटवर आणली. काल सायंकाळी नदीकाठच्या शेवटच्या फडातून मुकादमाने एका दमात सात गाड्यांचे नंबर सांगितले आणि काट्यावरच्या पोराने ते पुन्हा न विचारता लिहून घेतले. सहाही लॉकनटांवर लाल नखपॉलिशचा एकेक ठिपका दिला आहे. मे महिन्यात पुन्हा मोजून आकडे येथेच टाकतो.