समुपदेशन कक्षाची नोंदवही कार्यालयात जमा करावी का?

प्रश्न (जळगाव जिल्हा, महाविद्यालयीन समुपदेशक)

मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात आठवड्यातून तीन दिवस समुपदेशनाचे काम करते. मूल्यांकन समितीची भेट जवळ आली असून, कक्ष खरोखर चालतो याचा पुरावा म्हणून विद्यार्थ्यांची नावे, वर्ग, अडचणीचे स्वरूप आणि सह्या असलेली नोंदवही कार्यालयात जमा करावी, असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. यात प्राचार्यांचा हेतू वाईट नाही. परंतु वही लिपिकाच्या टेबलावर गेली की ती चार जणांच्या हाती लागणार, आणि आमच्याकडे त्या चौघांपैकी एखादा कुणातरी विद्यार्थ्याचा मामा किंवा शेजारी निघतोच.

याच आठवड्यात एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीचे वडील गावाहून आले आणि ‘माझी पोरगी तुमच्याजवळ काय बोलली ते वाचून दाखवा’ म्हणाले. मी नकार दिला, आणि ते दुखावून परत गेले. मी चुकले का, आणि वहीचे काय करावे?

उत्तर (धुळे, समुपदेशक)

ताई, नकार योग्यच होता. मात्र वडिलांना तसेच परत पाठवायला नको होते. मुलगी सज्ञान आहे. तिला विचारून, तिची तयारी असेल तर तिच्यासमोरच वडिलांशी बोलता येते आणि काय सांगायचे ते तीच ठरवते. काळजीपोटी आलेल्या बापाला बसवून पाणी देण्याने आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्याने कोणतीही गोपनीयता भंग पावत नाही.

समितीला कक्षाचे काम दाखवायचे असते, विद्यार्थ्यांची दुःखे नव्हेत. महिनावार भेटींची एकूण संख्या, कक्षाची वेळ, घेतलेली व्याख्याने आणि गोपनीयतेचे लेखी धोरण एवढे द्यावे. तक्त्यात फार बारीक वर्गीकरण करू नये, कारण आपल्या भागात नाव झाकले तरी माणूस झाकला जात नाही. ‘द्वितीय वर्ष विज्ञान, मुलगी, रावेरकडील, वडिलांची केळीची बाग, साखरपुडा मोडलेला’ एवढे लिहिले की अर्ध्या बसला ती कोण ते कळते. ज्या रकान्यात दोन-तीनच विद्यार्थी असतील, तो दुसऱ्यात मिळवून टाकावा.

मी स्वतः दोन वह्या ठेवतो. एकीत फक्त सांकेतिक क्रमांक, तारीख आणि भेटीचा कालावधी असतो. दुसरीत क्रमांक आणि नावे यांचा मेळ असतो, आणि ती कुलपात, वेगळ्या कपाटात राहते. संभाषणाच्या टिपणात घडलेली गोष्ट आणि ठरलेले पुढचे पाऊल एवढेच लिहितो; माझे तर्क लिहीत नाही.

उत्तर (जळगाव, वकील)

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. दुसऱ्या व्यक्तीला होणारी इजा टाळणे, जीवाला असलेला धोका, न्यायालयाचा आदेश असे त्याला मोजके अपवाद आहेत, आणि इजा टाळण्यासाठीही आवश्यक तेवढीच माहिती देता येते. हे कलम आरोग्य व्यावसायिकांना उद्देशून आहे. महाविद्यालयातील प्रत्येक समुपदेशक त्यात बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो. म्हणून त्यावरच विसंबून न राहता प्राचार्यांच्या सहीने स्वतःचे लेखी धोरण करून घ्यावे आणि पहिल्याच भेटीत ते विद्यार्थ्याला समजावून सांगावे. कलम 25 नुसार रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे, त्यामुळे टिपण उद्या तो विद्यार्थीच वाचेल असे समजून लिहावे.

आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग बहुधा त्याच आवारात असतात. अठरा वर्षांखालील मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर पोक्सो कायदा, 2012 (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. तेथे ‘गुपित ठेवीन’ असे वचन आधीच देऊन बसणे म्हणजे त्या लेकराची फसवणूक ठरते.

उत्तर (नंदुरबार, वसतिगृह अधीक्षिका)

कपाटाला कुलूप लावले तरी एक दार उघडेच राहते, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नसते. धडगाव, अक्कलकुवा भागातील ज्या मुली पावरी किंवा भिली बोलतात, त्यांना मनातले मराठीत सांगता येत नाही. मग खोलीतल्याच मैत्रिणीला दुभाषी म्हणून बसवले जाते, आणि रात्रीपर्यंत सगळ्या वसतिगृहाला ठाऊक होते. एका मुलीने यामुळे कक्षाकडे येणेच बंद केले, आणि त्याला मीही जबाबदार आहे. आता आम्ही दुसऱ्या तालुक्यातील, त्या भाषा जाणणाऱ्या शिक्षिकेला बोलावतो, गोपनीयतेच्या पत्रावर तिची सही घेतो, आणि ती चालेल का असे मुलीला आधी विचारतो. रात्री-अपरात्री आधार लागला तर टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आधाराच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावला आहे. तेथे बोलताना ओळखीचे कुणी नसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज प्राचार्यांना एकत्रित संख्येचा तक्ता आणि धोरणाचा मसुदा दिला. त्यांनी तो वाचून वहीची मागणी मागे घेतली. जुन्या वहीत मात्र दोन वर्षांची नावे आणि सह्या आहेत. ती सध्या माझ्या कुलपात आहे. किती काळ ठेवून, कुणासमोर नष्ट करायची, हे धोरणात कसे लिहावे ते वकीलसाहेबांनी व धुळ्याच्या सरांनी कृपया कळवावे.