अंबरनाथची लॅब आणि एच-इंडेक्सची फूटपट्टी

गंजका नांगर: 'अंबरनाथच्या एनएमआरएलचे पेपर कुत्रं विचारत नाही, साइटेशन बघा' अशी पोस्ट काल पडली. एनएमआरएल म्हणजे डीआरडीओची नौदलासाठीची साहित्य-संशोधन लॅब; साइटेशन म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेला उल्लेख. बघितली कशी? स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसमध्ये लॅबचं एकच नाव टाकून? ही लॅब 1953 साली मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात सुरू झाली, तेव्हा नाव वेगळं, एनसीएमएल. अंबरनाथच्या रोमन स्पेलिंगमध्ये 'ब'पुढे ई की ए, इथूनच घोळ. आधी शोधताना सगळी नावं 'ऑर'ने (हे किंवा ते) जोडा, मग डीओआय या पेपरच्या ओळख-क्रमांकावरून दुबार नोंदी काढा. आणि एच-इंडेक्स (एच पेपरांना प्रत्येकी किमान एच साइटेशन) हिर्शनी 2005 मध्ये एकेका शास्त्रज्ञासाठी सुचवला, अख्ख्या लॅबसाठी नव्हे.

मोजमाप्या: काल मीच लिहिलं होतं. नावं जोडा, पण श्रेयही वाटून घ्या. पाच लेखकांत दोघे लॅबचे, तर 0.4 पेपर. आणि 'काम गोपनीय, म्हणून पेपर कमी' म्हणाल, तर गंज, रंग, रबर यांत कसली आलीय गोपनीयता?

पेरिस्कोप: पेपर गेले खड्ड्यात. याच लॅबच्या एआयपीची, म्हणजे पाणबुडीला हवेसाठी वर न येता खालीच वीज देणाऱ्या यंत्रणेची, जमिनीवरची चाचणी मार्च 2021 मध्ये झाली. कलवरी वर्गाच्या सहाही पाणबुड्या त्याशिवायच नौदलात गेल्या!

गंजका नांगर: झालं, फाटा फुटला! अहो, ही एआयपी हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करते, आणि तो हायड्रोजन बोटीवरच बनवायचाय. सोडियम बोरोहायड्राइड आणि पाणी. निम्मा हायड्रोजन पाण्यातूनच सुटतो. मेख मागे उरणाऱ्या मेटाबोरेट या क्षारात. पाणी कमी पडलं की त्याचे स्फटिक होतात, नळ्या चोंदतात, उत्प्रेरकावर थर बसतो. पाणी वाढवा, तर वजन वाढतं. ऑक्सिजन द्रवरूपात न्यायचा, तो वेगळाच.

पेरिस्कोप: एवढा खटाटोप कशाला? जपानने 2020 मध्ये 'ओर्यू' पाणबुडीवर एआयपी काढून लिथियम-आयन बॅटऱ्या बसवल्याच ना?

गंजका नांगर: बसवल्या. पण त्या चार्ज करायला डिझेल लावावं लागतं, म्हणजे हवा घ्यायची नळी, स्नॉर्कल, पाण्यावर काढणं आलंच. संथ चालीत दिवसेंदिवस खाली दडून राहायचं, तर एआयपीच लागते. शिवाय बॅटरीतला एक सेल भडकला की शेजारचा पेटतो. बंद बोटीत पळणार कुठे?

मोजमाप्या: बोरेट चोंदण्यावर जगभर उघड पेपर निघतात. तेवढं लिहायला कुणी अडवलंय? बाकी 'कुत्रं विचारत नाही' हे मागे घेतो. 'शोधून सापडत नाही' असं वाचा, समाधान?

पेरिस्कोप: तुमचं पेपरपुराण चालू द्या. डिसेंबर 2024 मध्ये माझगाव डॉकशी एआयपी प्लगचा (एआयपी बसवलेला बोटीचा जोड-तुकडा) सुमारे 1,990 कोटींचा करार झालाय. बोट मधोमध कापायची, तुकडा घालायचा, केबल-पाइप जोडून प्रेशर हल (पाण्याचा दाब झेलणारं कवच) पुन्हा वेल्ड करायचा, एकेक सांधा तपासायचा, वजनाचा तोल नव्याने साधायचा. याला साइटेशन किती देणार, मोजमाप्या?