पावसाळ्यात हवेच्या लाइनमध्ये पाणी: मोठा ड्रायर घ्यावा का?

प्रश्न (देखभाल विभाग, लोटे-परशुराम)

आमच्याकडे ५५ किलोवॅटचा ऑइल-इंजेक्टेड (आत तेल सोडले जाणारा) स्क्रू कॉम्प्रेसर असून तो ७ बार दाबाला मिनिटाला सुमारे १० घनमीटर हवा देतो. पुढे रिसिव्हर (हवा साठवण्याची टाकी), प्री-फिल्टर आणि रेफ्रिजरेशन ड्रायर (हवा गार करून तिच्यातले बाष्प काढणारे यंत्र) आहेत. जून लागला की यंत्रांच्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरपर्यंत पाणी पोहोचते आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारे) अडकतात. पुरवठादार मोठा ड्रायर सुचवीत आहेत. रिसिव्हर आणि ड्रायर या दोन्हींचे ड्रेन (साचलेले पाणी सोडणाऱ्या झडपा) टायमरवर असून एकाच पाइपला जोडलेले आहेत. निचऱ्याचे दुधाळ पाणी पावसाच्या गटारात जाते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (कॉम्प्रेसर सेवा)

ड्रायरची ऑर्डर तूर्त थांबवावी. ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ती हवा ७ बारपर्यंत दाबून आफ्टरकूलरने (दाबलेली गरम हवा गार करणाऱ्या भागाने) ४० अंशांवर आणली की त्यातले साडेसहा ग्रॅमच्या आसपास टिकते आणि बाकीचे पाणी होते. तुमच्या यंत्रासाठी हे ताशी सुमारे दहा लिटर झाले. हवा २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची असेल, तर आफ्टरकूलरचे तापमान तेच धरून हा आकडा ताशी तीन लिटरांवर येतो. दोन्ही वेळी ड्रायरमध्ये शिरणारी हवा संपृक्तच (मावेल तेवढ्या बाष्पाने भरलेलीच) असते, त्यामुळे तिचे तापमान सारखे असेपर्यंत ड्रायरवरचा बाष्पाचा भार जवळजवळ बदलत नाही. तिपटीने वाढते ते रिसिव्हरपाशी साचणारे पाणी, आणि हिवाळ्यात लावलेला टायमर ते काढू शकत नाही. मग पाणी हवेबरोबर थेट ड्रायरमध्ये ओढले जाते.

प्रथम रिसिव्हरचा ड्रेन हाताने उघडून किती पाणी निघते ते पाहावे. ड्रायरचा बायपास (ड्रायर टाळून हवा पुढे नेणारा पाइप) पूर्ण बंद आहे ना आणि त्याच्या ड्रेनची जाळी गंजाने भरलेली नाही ना, हेही तपासावे. ड्रायर खरोखर ३ ते ५ अंशांचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) देत असेल, तर पावसात गार पडलेल्या पाइपमध्येही पाणी सुटण्याचे कारण नाही.

उत्तर २ (पाइपिंग ठेकेदार)

दोन ड्रेन एकाच बंद पाइपात जोडणे हे माझ्या मते येथील सर्वांत घातक काम आहे. रिसिव्हरचा ड्रेन उघडताच त्या पाइपात दाब चढतो आणि ड्रायरचे पाणी अडते. प्रत्येक ड्रेन स्वतंत्रपणे, हवेशीर नरसाळ्यात सोडावा. टायमरवर ड्रेन उघडा राहण्याचा वेळ वाढवून पाणी निघेल, पण हवाही वाया जाईल. ३ मिलिमीटरच्या छिद्रातून ७ बारला मिनिटाला सुमारे ०.६ घनमीटर हवा जाते. पाण्याची पातळी ओळखून उघडणारा, हवा वाया न घालवणारा झिरो-लॉस ड्रेन बसवल्यास हा प्रश्नच राहत नाही. यंत्राकडे जाणारी प्रत्येक शाखा मुख्य लाइनच्या वरच्या बाजूने काढलेली असावी.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. बायपास बंद आहे, पण रिसिव्हरमधून बराच वेळ पाणीच येत राहिले. दुधाळ पाण्याचे काय करावे?

उत्तर ३ (पर्यावरण विभाग)

ते गटारात सोडणे आजच थांबवावे, कारण त्यात कॉम्प्रेसरचे तेल मिसळलेले असते आणि पावसाचे गटार शेवटी नदीलाच मिळते. भूपृष्ठजलात सोडण्याच्या सांडपाण्यात तेल व ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. सर्व ड्रेनचे पाणी ऑइल-वॉटर सेपरेटरमध्ये (तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रात) न्यावे. मात्र दुधाळ पाणी म्हणजे इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेले तेल), ते नुसते स्थिर ठेवून वेगळे होत नाही, म्हणून शोषक काडतुसे असलेला सेपरेटर घ्यावा आणि तो पावसाळ्यातील प्रवाह धरून निवडावा. वेगळे झालेले तेल घातक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते, तेव्हा ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच द्यावे.