मदत हवी आहे: एकच प्रोग्राम विंडोजवर पळतो, उबुंटूवर रखडतो

बागायत_बिल: आंब्याच्या पेट्यांच्या नोंदीचा प्रोग्राम. तक्ता १२,००० ओळींचा. विंडोजवर सरसर सरकतो, उबुंटूवर (लिनक्स) अडखळतो. कोड तोच. सीझन तोंडावर आलाय, लवकर सांगा. लिनक्सच हळू असतं का?

जांभा_चिरा: कशात लिहिलाय? क्यूट, जावा, इलेक्ट्रॉन, यातलं कुठलं साधन? आणि अडखळतो म्हणजे किती? ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) १६.७ मिलिसेकंद मिळतात. आकडा द्या.

खाडीपलीकडे: वेब ॲप करून टाका, कटकट मिटेल.

जांभा_चिरा: आणि आंबोळी खायला पुण्याला जा. विचारलंय काय!

बागायत_बिल: क्यूट ६, पडदे त्याच्याच क्यूएमएल भाषेत. लॅपटॉप एकच.

जांभा_चिरा: मग तुलनाच वाकडी. चित्र काढायला क्यूट ६ विंडोजवर डायरेक्टथ्रीडी ११ धरतं, लिनक्सवर ओपनजीएल. विंडोजवरही 'क्यूएसजी_आरएचआय_बॅकएंड' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीममधलं सेटिंग) ओपनजीएल करून पाहा. 'क्यूएसजी_इन्फो' १ केलं की टर्मिनलमध्ये रेंडररचं (चित्र कोण काढतंय त्याचं) नाव छापून येतं, ते इथे टाका. बिल्ड दोन्हीकडे रिलीजच हवा, चुका शोधायचा हळू डीबग नको.

दर्याकिनारी: खाऱ्या हवेत पंखा जाम होतो, सीपीयू तापून वेग उतरतो. आधी पंखा साफ करा.

जांभा_चिरा: तापला तर विंडोजवरही रखडेल ना?

बागायत_बिल: 'एलएलव्हीएमपाइप' असं काहीतरी येतंय.

मालवणी_माणूस: मरे, ता ग्राफिक्स कार्ड न्हय! सगळा चित्र सीपीयू काढता. उबुंटू विंडोजच्या पोटात, व्हर्च्युअलबॉक्सात घातलंस काय?

बागायत_बिल: हो, त्यातच. त्याने काय होतं?

जांभा_चिरा: हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! व्हर्च्युअल मशीन बंद करून डिस्प्ले सेटिंगमध्ये कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी, थ्रीडी ॲक्सिलरेशनला टिक. आत उबुंटूत व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, म्हणजे गेस्ट ॲडिशन्स, घाला. वापरापुरतं सुधारेल. तुलनेला मात्र तेही चालणार नाही, मधे अख्खा विंडोज बसलाय. पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू (इन्स्टॉल न करता) चालवा, चार्जर लावून. मोजायचं फक्त स्क्रोल. प्रोग्राम उघडायचा वेळ तिथे धरू नका, पेनड्राइव्हचं वाचन मंद असतं.

बागायत_बिल: लाइव्हवर रेंडररमध्ये इंटेलचं ग्राफिक्स आलं. सरसर! पण विंडोजवर पहिल्यांदा उघडताना वेळ का खातो?

जांभा_चिरा: फाइली डिस्कवरून येतात, वर विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर तपासतो. रीस्टार्टनंतरचा पहिला वेळ आणि लगेच दुसऱ्यांदा उघडल्याचा वेळ, दोन्ही वेगवेगळे लिहा.

खाडीपलीकडे: पेटी कितीला जातेय सध्या?